ठकीची चारची वेळ

दुपारचे चार वाजत आले की माझा उजवा हात आपोआप पँटच्या खिशाकडे जातो. खिशात काही नसतं. असलाच तर रुमाल असतो. पण हात जातो, चाचपतो आणि ओशाळून परत येतो. आमची सौ. सुनंदा हे बघते आणि म्हणते, "झालं, वाजले तुमच्या माकडिणीचे चार. चहा टाकते."

निवृत्त माणसाला पेन्शन मिळते, गुडघेदुखी मिळते. मला शिवाय ही चारची वेळ मिळाली. ती कशी मिळाली ते सांगतो. संपादकांनी 'नोकरीतले अनुभव' मागितले आहेत. माझ्या नोकरीत अनुभव थोडे आणि फजित्या फार. पण फजिती हा अनुभवाचाच थोरला भाऊ, असं मानून लिहायला बसलो आहे.

मी मूळचा अंबडचा. म्हणजे राहायला नाशिक रोडला, पण पोटापाण्याला अंबडच्या कारखान्यांत. पॅकिंगच्या यंत्रांवरचे टायमर दुरुस्त करायचे, हे माझं काम. पिशवी भरली की इतक्या वेळाने सील, इतक्या वेळाने कट. टायमर चुकला की बिस्किटांऐवजी हवा पॅक होते. मी असे बरेच टायमर दुरुस्त केले आणि त्यांतले काही पुन्हा बिघडवलेही. एक दिवस कारखाना बंद पडला (माझ्यामुळे नाही, हे आधीच सांगून ठेवतो) आणि शहराबाहेर, द्राक्षबागा संपतात तिथल्या एका छोट्या प्रयोगशाळेत 'टायमरचं काम जाणणारा माणूस हवा' असं कळलं. मी गेलो. तिथे टायमर होता, पण तो माकडाच्या डोक्यातला.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम बुटक्या, चटपटीत. बोलता बोलता पेनने टेबल वाजवायची सवय. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "सोनवणे, डोळ्यांनी दिसतं, कानांनी ऐकू येतं. वेळ कशानं कळते?"

मी म्हटलं, "घड्याळानं."

"आणि घड्याळ नसेल तर?"

"बायकोनं."

मॅडम हसल्या आणि मला नोकरी मिळाली. उत्तर बरोबर होतं म्हणून नव्हे. दुसरा उमेदवार माकड बघूनच पळाला होता.

काम काय चालायचं ते साध्या शब्दांत सांगतो. वेळ मोजायला शरीरात वेगळा अवयव नाही. तरी टाळी कुठे पडणार, चेंडू हातात कधी येणार, दूध कधी उतू जाणार, हे आपल्याला कळतं. कसं? ते मेंदूला विचारायचं. माणसाच्या मेंदूत तारा घालता येत नाहीत, म्हणून आपल्याच कुळातल्या, लाल तोंडाच्या माकडाला विचारायचं. माकड खुर्चीत बसे. समोर टीव्हीसारखा पडदा. पडद्यातून टिक, टिक, टिक असा आवाज येई, आणि प्रत्येक टिकेला माकडाने पडद्यावर बोट टेकवायचं. मग आवाज बंद. आता खरी परीक्षा. आवाज नसतानाही त्याच लयीत बोट टेकवत राहायचं. बरोबर जमलं की नळीतून द्राक्षाच्या रसाचा एक थेंब. द्राक्षं आपल्याकडचीच, एक्सपोर्टला आकाराने कमी पडलेली. परदेशी गेली नाहीत, पण विज्ञानाच्या कामी आली.

यात गंमत अशी की, टिक ऐकल्यावर बोट टेकवणं सोपं. माकड तेच करतं. आधी ऐकतं, मग टेकवतं, म्हणून जरासं उशिरा पोचतं. माणसाचं उलटं. एकदा मॅडमनी मलाच त्या पडद्यासमोर बसवलं. मी ऐटीत बोट आपटलं. प्रत्येक वेळी मी टिकेच्या किंचित आधी!

"चुकलो का?" मी विचारलं.

"नाही हो. सगळी माणसं अशीच," मॅडम म्हणाल्या. "माणूस आवाजाची वाट बघत नाही. तो आधीच जाऊन उभा राहतो."

ही गोष्ट तेव्हा मी कँटीनमध्ये विनोद म्हणून सांगत असे.

तर ठकी. कागदोपत्री तिला नंबर होता, पण पहिल्याच आठवड्यात तिने माझा चष्मा पळवला, उलटा घातला आणि माझ्याकडे असं बघितलं की, नाव आपोआप पडलं. बाकीची माकडं टिकेच्या मागे मागे धावायची. ठकी महिनाभरात अचूक झाली. आवाज बंद झाला तरी बोट लयीत. मॅडम हरखल्या. बाहेरगावच्या मोठ्या शास्त्रज्ञांना बघायला बोलावलं. मी नवा शर्ट शिवला.

शास्त्रज्ञ आले. ठकीने पहिली फेरी झकास केली. पाहुणे माना डोलवायला लागले. तेवढ्यात त्यांच्यातला एक म्हातारा वाकला आणि माझ्या पायांकडे बघत राहिला. मला वाटलं बूट आवडले.

"जरा बाहेर उभे राहता का?" तो म्हणाला.

मी बाहेर गेलो. आत ठकीचं बोट हवेतच राहिलं. मला आत बोलावलं, बोट पुन्हा अचूक. पुन्हा बाहेर, पुन्हा घोटाळा. तेव्हा उलगडा झाला. आवाज बंद झाला की मी नकळत पायाने ताल धरत होतो आणि ठकी, लबाड, पडद्याकडे बघायचं सोडून माझ्या बुटाकडे बघत होती. महिनाभर विज्ञानाने जे मोजलं, ते सोनवणेच्या उजव्या पायाचं टायमिंग होतं.

मॅडम माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्यापुढे एक काळा पडदा लागला. सुनंदाला सांगितलं तर ती म्हणाली, "इतकी वर्षं मी सांगतेय, पाय हलवू नका, दरिद्री लक्षण आहे. माझं नाही ऐकलं. आता माकडिणीनं पडद्यात बसवलं."

पण ठकी ठकीच. मी पडद्याआड गेल्यावर थोडे दिवस रुसली, चुकली, मग स्वतःच्याच डोक्याने लय धरायला शिकली. आणि तेव्हा तिच्या डोक्यात काय चालतं ते ऐकण्यात अर्थ आला.

'ऐकण्यात' असं मुद्दाम म्हणतो. मेंदूत केसाहून बारीक तार असायची. ती जवळच्या पेशीचा इशारा पकडायची आणि आम्ही तो भोंग्यावर सोडायचो. पेशी बोलली की तड्. ज्वारीच्या लाह्या फुटतात ना, तसा आवाज. टिक झाली की एखादी लाही फुटायची. मग दोन. मग भराभर. पुढच्या टिकेची वेळ जवळ येईल तसा तडतडाट चढत जायचा, शिगेला पोचायचा आणि बोट टेकलं की शांत. टिक दूर दूर असेल तर तोच चढ सावकाश, जवळ जवळ असेल तर तोच चढ घाईत. मॅडम समजवायच्या, "सोनवणे, गणपतीत पहिल्या दिवशी आरती कशी म्हणता?"

"सावकाश, आळवून."

"आणि पाचव्या घरी, भूक लागल्यावर?"

"घाईत. पण कडवी तीच."

"तसंच. मेंदूत घड्याळ नाही. तिथे एक आरती आहे. तीच ताणायची, तीच आवळायची."

मी शिकलेला नाही, पण एवढं मला पटलं. वाट बघणं म्हणजे डोक्यात काहीतरी चढत जाणं. आपण त्याला हुरहूर म्हणतो.

आता वाचकांपैकी कोणीतरी विचारणारच, मुक्या प्राण्याच्या डोक्यात तारा, तुम्हाला काही वाटलं नाही? वाटलं. भूल देऊन करत, मेंदूला स्वतःला दुखत नाही, नियम असतात, तपासणीला माणसं येतात, हे सगळं मी लोकांना पाठ म्हणून दाखवायचो. ते खरंही आहे. कंपवाताच्या पेशंटची चाल का अडते, ते अशाच कामातून थोडं थोडं कळत गेलं, हेही खरं. पण खुर्चीत बसायला ठकीला कोणी विचारलं नव्हतं, हे त्याहून खरं. मी एवढंच करू शकत होतो की, काम संपलं की तिला एक क्षणही जास्त बसवायचं नाही.

काम चारला संपे. कमरेला किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत मी जायचो, खुर्ची उघडायचो, खिशातून द्राक्षांचा छोटा घोस काढायचो. रस नाही, अख्खी द्राक्षं. ती माझ्या हातावर बसून खायची, सालं माझ्याच शर्टावर थुंकायची, आणि मग मी तिला मागच्या मोठ्या पिंजऱ्यात सोडायचो. वर्षानुवर्षं हा आमचा नेम.

एकदा जुडगा माझ्या हातून निसटला आणि तिने उचलला. वर चढून बसली. मी खालून विनवण्या करतोय, मॅडम दारात उभ्या. ठकीने जुडगा कानाशी नेला, माझ्याकडे बघितलं आणि खुळखुळ वाजवला. आणि काय सांगू, माझा हात सरळ खिशात गेला, द्राक्षं काढायला!

मॅडम हसून हसून भिंतीला टेकल्या. "सोनवणे, नक्की कोणावर चाललाय प्रयोग?"

दुसरा एक प्रसंग मी कँटीनमध्ये कधी सांगितला नाही. त्या दिवशी द्राक्षं संपली होती म्हणून मी स्कूटरवर बाजारात गेलो आणि येताना स्कूटर बंद पडली. ढकलत ढकलत आलो, चार वाजून गेले होते. मोजणी संपली होती, तारा तशाच होत्या, भोंगा चालू होता. व्हरांड्यातूनच मला आवाज आला. विझत आलेल्या शेगडीवर चुकार लाही फुटावी तसा. तड्. बऱ्याच वेळाने पुन्हा तड्. मी लगबगीने चालायला लागलो आणि कमरेचा जुडगा वाजला. दाराआड भोंगा एकदम उसळला. पाऊस पत्र्यावर पडावा तसा.

आत मॅडम शांत बसल्या होत्या. म्हणाल्या, "चारपर्यंत चढत होतं. मग वाट बघून उतरलं. आता तुमच्या किल्ल्या ऐकल्या." आणि घाईने पुढे म्हणाल्या, "हे काही शास्त्र नाही हां, सोनवणे. एका वेळेवरून काही सिद्ध होत नाही."

नसेल होत. पण आपली वाट बघणं कसं वाजतं, हे मी या कानांनी ऐकलं आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, सुनंदानेही कधी ऐकवलं नाही. तिने जे ऐकवलं ते वेगळं.

पुढे प्रयोग संपला. माझी निवृत्तीही त्याच सुमारास आली. तारा काढल्या, जखम भरली, आणि नियमाप्रमाणे माकडांना चांगल्या ठिकाणी पाठवायचं ठरलं. सुरगाण्याच्या बाजूला डोंगरात सोडवून आणलेल्या प्राण्यांसाठी एक जागा आहे. भोवती जाळी, आत झाडं, माकडांचा एक कळप. तिथे देखभालीला गावित नावाचे गृहस्थ. काटक, मितभाषी, विडी न पेटवता नुसती ओठात धरणारे. ठकीला उतरवून घेताना मला म्हणाले, "सायब, हिला कळपात घेतलं पायजे. एकटं माकड जगत नाय. जगलं तरी ते जगणं नाय."

"घेतील ना?"

"ही गेली तर घेतील."

पंधरवड्याने फोन केला. गावित म्हणाले, "खाते, पिते. पन चारला जाळीशी येऊन बसते. रस्त्याकडं तोंड करून. तेव्हाच कळपाला चारा टाकतो, सगळी एकत्र बसतात, एकमेकांच्या उवा काढतात. ही नाय जात. उन्हं उतरेपर्यंत बसते."

"मी येऊ का?"

"त्यासाठीच सांगतोय, सायब. येऊ नका."

मॅडमना विचारलं. त्यांनी पेन वाजवलं नाही. "तुम्हाला माहीतच आहे," म्हणाल्या.

माहीत होतं. आमच्या धंद्यातली ही अगदी पहिली गोष्ट. रोज ठरल्या वेळी मिळणारी वस्तू साफ बंद केली की माकड काही दिवस वाट बघतं, मग सोडतं. पण कधी मिळाली, कधी नाही, असं केलं की ते वाट बघणं मरत नाही. जुगाऱ्याचं होतं तसं. आज नाही तर उद्या, उद्या नाही तर परवा. ठकीला सोडवायचं तर मी कधीच जायचं नव्हतं. आणि 'एकदाच जाऊन येतो' हे तर सगळ्यात वाईट.

मी एकदाच गेलो.

मनाची समजूत अशी घातली की, आपण लांबूनच बघायचं. सागाच्या झाडाआडून. एस.टी.ने गेलो, पुढे जीपने. जीपमध्ये माणसावर माणूस. मांडीवर द्राक्षांची पिशवी. (लांबूनच बघायचं तर द्राक्षं कशाला, हे मला विचारू नका. सुनंदाने विचारून झालं आहे.) शेजारी नागलीचं गाठोडं घेऊन बसलेली बाई म्हणाली, "दवाखान्यात चालला का, दादा?"

"नाही. भेटायला."

"पोरीकडं?"

मी म्हटलं, "हो. पोरीकडंच."

"सासरी रुळली का?"

"तेच बघायला चाललोय."

"मग द्राक्षं दिऊन लगेच निघा," ती म्हणाली. "बापानं लय बसू नाय. पोरीचं मन मागं फिरतं."

झाडाआडून बघितलं. आणि काय दिसलं! ठकी जाळीपासून दूर होती. एका म्हाताऱ्या माकडिणीपुढे मान खाली घालून बसली होती, म्हातारी तिच्या पाठीतले केस उलगडून बघत होती. डोक्यावर तारांच्या जागी नवे केस आले होते. मला इतकं भरून आलं की, नाक पुसायला मी खिशातून रुमाल ओढला, आणि रुमालाबरोबर आले घराच्या किल्ल्या.

खुळखुळ.

आयुष्यभर टायमर दुरुस्त केलेल्या माणसाचं हे टायमिंग.

ठकी म्हाताऱ्या माकडिणीला झटकून जाळीकडे धावली. सागाच्या आड उभं राहण्यात आता काही अर्थ नव्हता. मी गेलो. तिने आधी द्राक्षं संपवली, सालं माझ्यावर थुंकली, ठकीच ती. मग जाळीतून हात घालून माझं मनगट धरलं आणि घड्याळाच्या पट्ट्याजवळचे केस एकेक करून उलगडत बसली. माझ्यात काही सापडतं का बघत होती. मागे म्हातारी थोडा वेळ थांबली आणि निघून गेली.

गावित मागून आले. ओरडले नाहीत. ओठातली विडी काढून म्हणाले, "केलं का सायब? कालच पयल्यांदा बसली होती म्हातारीपाशी."

मी परतीची जीप धरली. घरी सुनंदाने पिशवी रिकामी बघितली, माझं तोंड बघितलं आणि ताट वाढलं. दुसऱ्या दिवशी मी घराच्या किल्ल्या तिच्याकडे दिल्या. आजही मी बाहेरून आलो की बेल वाजवतो.

गावितांना सांगितलं, "आता रोज फोन करू नका. ती चारला जाळीशी आली नाही, असं होईल त्याच दिवशी करा."

मग सुरू झालं ते काय सांगू. फोन वाजला की छातीत लाह्या. विम्याचा फोन, गॅसवाल्याचा फोन, पुतण्याचा फोन. गावितांचा नाही. म्हणजे ती अजून बसते. उन्हं उतरेपर्यंत. आणि मी इकडे नाशिक रोडच्या गॅलरीत, तिच्याच वेळी, रस्त्याकडे तोंड करून. फोन येऊ दे, असं रोज मनात म्हणायचो. आणि खरं सांगू? फोन आला नाही की आतून कोणीतरी हळूच म्हणायचं, अजून बसते आहे बरं का. त्या आवाजाला मी खूपदा दटावलं.

द्राक्षांचा हंगाम गेला. पावसाळा आला आणि ओसरला. नवरात्राच्या आसपास एका दुपारी चहाचा कप हातात असताना फोन वाजला.

"सायब, चार वाजून गेले. नाय आली."

"बरी आहे ना? आजारी नाही ना?"

"नाय हो. एका पिल्लाची आय गेली परवा. ते पिल्लू हिनं पोटाशी धरलंय. वर फांदीवर बसलीय, म्हातारी शेजारी. मी चारा टाकला तर खाली सुदिक बघंना."

"रस्त्याकडे?"

"नाय, सायब. पिल्लाकडं."

मी म्हटलं, "छान झालं, गावित भाऊ. फार छान झालं." आणि फोन ठेवला. पोरगी सासरी रुळली. हेच तर हवं होतं.

सुनंदा म्हणाली, "चांगली बातमी ना? मग चहा का गार करताय?"

मला त्या व्हरांड्यातला आवाज आठवत होता. चढत गेलेला, वाट बघून उतरलेला, शेवटी शांत झालेला. या वेळी तो पुन्हा उसळवायला कोणाच्या किल्ल्या वाजणार नव्हत्या. तिकडे फांदीवर आता दुसरीच आरती चालू असेल, तिची लय त्या पिल्लाच्या हातात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. हात खिशाकडे गेला. आतून सुनंदाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"अहो, अजून वाजले नाहीत चार."

"माहीत आहे," मी म्हटलं. "माणूस आहे मी. किंचित आधीच येऊन उभा राहतो."